चंचल मूल आणि रक्तातील गंज

बीदरच्या किल्ल्यात काही जुन्या, आडोशाच्या जागा आहेत. तेथील माती बिदरी काम करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या नेत आले आहेत. जेथे ऊन-पाऊस पोहोचत नाही तेथलीच माती त्यांना लागते, आणि ती कामाची आहे की नाही हे जाणता कारागीर चिमूटभर जिभेवर ठेवून ठरवितो. जस्तात थोडेसे तांबे मिसळून सुरई किंवा हुक्क्याचे पात्र ओतावयाचे. सोळा भाग जस्तास एक भाग तांबे असे प्रमाण साधारणतः सांगितले जाते. त्यावर नक्षी कोरावयाची, त्या नक्षीत चांदीची तार ठोकून बसवावयाची, आणि अखेरीस ही माती व नवसागर पाण्यात कालवून तापवावयाचे व त्यात ते पात्र भिजवावयाचे. पाहता पाहता पात्राचे अंग काळेभोर होते; चांदी मात्र होती तशीच चकाकत राहते. धातूला गंज चढण्याच्या जातीचीच ही क्रिया आहे. गंज कोठे चढावा आणि कोठे चढू नये, हे ठरविण्याची हातोटी बीदरच्या कारागिरांनी मिळविली, एवढाच काय तो विशेष.

नवलाची गोष्ट अशी की, जस्त आणि तांबे ही धातूंची जोडी माणसाच्या रक्तातही नांदते, आणि तेथे तिच्याकडे काम आहे ते गंज थोपवून धरण्याचे. १९३८ साली केंब्रिज येथे मान आणि केलिन या दोघा शास्त्रज्ञांनी बैलाच्या रक्तातून तांबे असलेले एक निळसर प्रथिन वेगळे काढले. ते शरीरात कशासाठी आहे याचा उलगडा पुढे तीस वर्षे झाला नाही. १९६९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात अर्विन फ्रिडोविच आणि त्यांचे शिष्य जो मॅकॉर्ड यांनी दाखवून दिले की, प्राणवायूचे एक उपद्रवी रूप शरीरात सतत उत्पन्न होत असते आणि त्याचा निकाल लावणे हे या प्रथिनाचे काम होय. दुसऱ्याच वर्षी, १९७० मध्ये, या प्रथिनात तांब्याच्या जोडीला जस्तही असल्याचे उघडकीस आले.

या प्रथिनाची कथा येथे सांगण्याचे कारण निराळेच आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून त्याचे नाव शिक्षकांच्या आणि आईबापांच्या एका नित्याच्या तक्रारीशी जोडले जाऊ लागले. एका जागी न बसणारे, हाती घेतलेले काम अर्धवट टाकणारे, प्रश्न पुरता ऐकण्याआधीच उत्तर देणारे मूल प्रत्येक वर्गात असते. अशा काही मुलांच्या रक्तातील ही संरक्षणव्यवस्था दुबळी पडली असेल काय, असा प्रश्न संशोधक विचारू लागले. त्याचे उत्तर काय आले हे पाहण्यापूर्वी, या मुलाकडे आजवर जगाने कसे पाहिले हे थोडे पाहिले पाहिजे.

मराठीत अशा मुलाला चुळबुळे, धांदरट, द्वाड अशी विशेषणे लावतात, आणि जुन्या शाळेत या विशेषणांवरचा उपाय एकच होता: छडी. पाश्चात्त्य देशांतही काही निराळे नव्हते. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने १७९८ साली आपल्या ग्रंथात अवधान न टिकण्याची अवस्था वर्णिली आणि ती जन्मजात असू शकते असे म्हटले. पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालवैद्याने वैद्यांच्या सभेपुढे तीन व्याख्याने दिली. त्यांत त्याने पाहिलेल्या ४३ मुलांची हकीकत होती. ही मुले हट्टी व उतावीळ होती, शिक्षेने सुधारत नव्हती, तथापि त्यांपैकी पुष्कळांची बुद्धी चांगली होती. स्टिलने या अवस्थेला नैतिक संयमाचा अभाव असे नाव दिले. आज हे नाव कानाला टोचते. परंतु हा अभाव शारीरिक कारणाने येत असावा, असे म्हणण्याचे धाडस त्यानेच केले, ही गोष्ट विसरता येत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत मेंदूच्या दाहाची एक विलक्षण साथ जगभर पसरली. त्या साथीतून वाचलेल्या पुष्कळ मुलांचा स्वभाव पार पालटला. कालपर्यंत शांत असलेले मूल आज कोणाचे ऐकेना, कोठे स्थिर होईना. शिस्तीचा किंवा संस्कारांचा येथे काही संबंध नव्हता हे उघड होते. तेव्हापासून चंचल मूल म्हणजे मेंदूला इजा झालेले मूल, असा समज बळावला, आणि ज्यांच्या मेंदूत कसलीही इजा सापडत नव्हती त्यांच्यावरही तो लादला गेला. १९३७ साली अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे चार्ल्स ब्रॅडली यांनी आपल्या रुग्णालयातील ३० मुलांना बेंझेड्रीन नावाचे उत्तेजक औषध दिले. उत्तेजकाने मुले अधिकच उधळावयाची, असे कोणीही म्हटले असते. झाले उलटेच: जवळजवळ निम्मी मुले अभ्यासाला लागली. मुलांनी त्या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ असे नाव ठेवले होते म्हणतात. १९८० साली अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या संहितेत अवधान-न्यूनता हे नाव आले आणि १९८७ साली त्याला अतिचंचलता जोडली गेली. जगातील शाळकरी मुलांत याचे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास असावे असे मोठ्या पाहण्यांचे एकत्रित अनुमान आहे, आणि जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून त्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे तीन-चतुर्थांश दिसतो. म्हणजे आईबापांच्या लाडाने मूल बिघडले, हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा निवाडा बहुतेक वेळा चुकीचा ठरतो.

आता प्राणवायूकडे वळू. ज्या वायूवाचून माणूस काही मिनिटेही जगत नाही, तोच घातक कसा? ही शंका प्राणवायूच्या शोधाइतकीच जुनी आहे. जोसेफ प्रीस्टली याने १७७५ साली या वायूचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हाच त्याच्या मनात आले की मेणबत्ती या वायूत लवकर जळून संपते, तसा प्राणीही त्यात लवकर झिजून जाईल की काय. या शंकेचे उत्तर विसाव्या शतकात फार मोठी किंमत देऊन मिळाले. १९४२ साली बॉस्टन येथील नेत्रवैद्य टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांत अंधत्वाचा एक नवा प्रकार नोंदविला. रुग्णालये जितकी अद्ययावत तितकी ही अंध बालके अधिक, असा चमत्कारिक प्रकार होता. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्बेल यांनी बोट ठेवले ते काचेच्या पेटीत सोडल्या जाणाऱ्या प्राणवायूवर, आणि १९५३-५४ मध्ये अमेरिकेतील १८ रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीने त्यांचे म्हणणे सिद्ध झाले. तोपर्यंत जगात सुमारे १०,००० बालके दृष्टीला मुकली होती. १९५४ सालीच रेबेका गेर्शमन या अर्जेंटिनाच्या विदुषीने रॉचेस्टर येथे काम करीत असताना दाखविले की, अतिरिक्त प्राणवायू आणि क्ष-किरण या दोहोंची इजा एकाच मार्गाने होते. तो मार्ग म्हणजे मुक्त मूलके, अर्थात जोडीदार हरवलेला इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारे आणि भेटेल त्याच्याकडून तो ओढून घेणारे रेणू.

शरीर याविरुद्ध निःशस्त्र नाही. तांबे-जस्ताचे ते प्रथिन पहिल्या उपद्रवी रूपाचे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रूपांतर करते. हे पेरॉक्साइडही निरुपद्रवी नव्हेच. म्हणून कॅटालेज नावाचे लोहयुक्त एंझाइम आणि सेलेनियम असलेले दुसरे एक एंझाइम त्याचे पाणी करून टाकतात. या दुसऱ्या एंझाइमाला ग्लुटाथायोन हा पदार्थ लागतो. तो एकदा वापरला की निकामी होतो, आणि त्याला पुन्हा कामास जोडण्यासाठी जे रसायन लागते ते शरीर निकोटिनिक आम्ल या ब-गटातील जीवनसत्त्वापासून तयार करते. वाचकांनी ही शेवटची कडी ध्यानात ठेवावी; दख्खनच्या पठारावर तिची पुन्हा गाठ पडणार आहे. हल्ला आणि संरक्षण यांचा तोल हल्ल्याच्या बाजूला झुकला म्हणजे जी स्थिती येते तिला १९८५ साली जर्मनीतील हेल्मुट झीस यांनी ऑक्सिडीकारक ताण असे नाव दिले.

या ताणाला मेंदू विशेषच हळवा. शरीराच्या वजनाचा तो अवघा दोन टक्के, परंतु प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा त्याला एकट्याला लागतो. त्याची घडण स्निग्ध पदार्थांची, आणि हे पदार्थ तर गंजाला लवकर बळी पडतात. तेल उघडे राहिले की खवट होते, तसेच काहीसे. शिवाय अवधान टिकविण्यात ज्याचा मोठा हात आहे ते डोपामिन नावाचे रसायन मेंदूत मोडले जाते तेव्हा त्यातून पुन्हा पेरॉक्साइडच निघते. तेव्हा चंचल मुलांच्या रक्तात या गंजाच्या खुणा शोधाव्या, ही कल्पना केवळ तरंग नव्हती.

खुणा सापडल्या काय? काही सापडल्या. तुर्कस्तानात या विषयावर बरेच काम झाले. तेथील काही अभ्यासांत अशा रुग्णांच्या रक्तात स्निग्ध पदार्थ कुजल्याची निशाणी असलेले रसायन अधिक आढळले, तर काहींत संरक्षक एंझाइमे कमी आढळली. पण सर्वांचे आकडे जुळेनात. अमेरिकेतील सिरॅक्यूज येथील संशोधकांनी २०१५ साली असे अभ्यास एकत्र करून तोलून पाहिले. हाती आलेले अभ्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. त्यांवरून त्यांना दिसले ते असे की, या रुग्णांतील संरक्षक द्रव्यांचा साठा इतरांसारखाच असतो, परंतु झालेल्या हानीला तोंड देण्यास तो अपुरा पडत असावा. यापुढे जाण्यास त्यांनी नकार दिला, आणि ते योग्यच झाले. कारण रक्ताचा थेंब हा मेंदूचा थेंब नव्हे. दिवसभर धावपळ करणारे, कमी झोपणारे, वेळी-अवेळी काहीबाही खाणारे मूल असेल तर ताण हा चंचलतेचे कारण की तिचा परिणाम, हे एका वेळच्या तपासणीतून कसे ठरावे?

मग उपचारांच्या चाचण्या झाल्या. स्लोव्हाकियातील ब्रातिस्लाव्हा येथे २००६ साली ६१ मुलांवर एक चाचणी झाली. फ्रान्सच्या समुद्रकाठच्या पाइन वृक्षाच्या सालीचा अर्क काही मुलांना महिनाभर दिला, इतरांना दिसायला तशीच पण निर्गुण गोळी दिली. अर्क घेणाऱ्यांची चंचलता कमी झाली आणि त्यांचे ग्लुटाथायोनही सुधारले. औषध थांबल्यावर महिन्याभरात चंचलता परतली. २००४ साली तुर्कस्तानात ४०० मुलांवर आणि तेहरान येथे ४४ मुलांवर जस्ताच्या क्षाराची चाचणी होऊन दोन्हीकडे काही लाभ दिसला. पण अमेरिकेत २०११ साली ५२ मुलांवर जस्त देऊन पाहिले तेव्हा चंचलतेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दुप्पट जस्त घेणाऱ्यांना नेहमीचे उत्तेजक औषध कमी पुरले, इतकेच. ज्या देशांतील मुलांच्या आहारात जस्ताची तूट आहे तेथे ते दिल्याने गुण यावा आणि जेथे तूट नाही तेथे येऊ नये, यात न कळण्यासारखे काही नाही.

औषधांच्या दुकानातून ‘अँटिऑक्सिडंट’ असा शिक्का मारलेल्या बाटल्या मात्र एवढा विवेक करीत नाहीत. त्या सर्वांना सारख्याच विकल्या जातात, आणि मुलाच्या प्रगतिपुस्तकाने धास्तावलेला बाप त्या विकतही घेतो. अशा बापाला फिनलंडची हकीकत कोणीतरी सांगावयास हवी. तेथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर गाजरातील बीटा-कॅरोटिन या संरक्षक द्रव्याची चाचणी झाली. कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ साली निष्कर्ष आले तेव्हा ते द्रव्य घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढलेला निघाला. बिदरीच्या कारागिराला माती किती आणि नवसागर किती याचा अंदाज असतो; शरीराचा तोल बाहेरून बाटली ओतून सावरण्याचा तसा अंदाज अद्याप कोणालाही आलेला नाही.

येथून पुन्हा बीदर-कलबुर्गीकडे येऊ. आहाराचा मनावर परिणाम होतो ही गोष्ट ज्या मुलखात पुराव्यानिशी पाहिली गेली तो मुलूख याच पठाराचा आहे. हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या, पुढे त्याच नावाच्या राज्याच्या अंमलात होते. उपचारासाठी लोक हैदराबाद शहराकडे जात, आणि तेथील रुग्णालयांत पेलाग्राचे रोगी येत. हातांची व मानेची उन्हात उघडी राहणारी त्वचा काळवंडून खरखरीत होणे, हगवण, आणि त्यासोबत निद्रानाश, चिडखोरपणा, कशातही मन न लागणे ही त्या रोगाची लक्षणे. काही रोगी थेट वेड्यांच्या इस्पितळात पोहोचत. निकोटिनिक आम्लाच्या अभावाने हा रोग होतो हे १९३७ पासून ठाऊक होते, आणि तो मका खाणाऱ्यांचा रोग समजला जाई. दख्खनमधील रोगी तर मका खात नव्हते. ते ज्वारीची भाकरी खात होते. १९५८ साली कुन्नूरहून हैदराबादला आलेल्या पोषणविषयक संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन यांनी हे कोडे हाती घेतले. १९६० साली त्यांनी आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी असे मत मांडले की, ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल फार असते आणि ते शरीराच्या निकोटिनिक आम्ल बनविण्याच्या कामात अडथळा आणते. या मतावर पुढे वाद झाले, इतर देशांतील काही प्रयोगशाळांना तेच निष्कर्ष मिळाले नाहीत. परंतु मूळ निरीक्षण टिकले: ज्याच्या ताटात भाकरी आणि भाकरीच आहे, त्याच्या मनाची घडीही विसकटते. पुढील दशकांत जेवणात तांदूळ आणि इतर पदार्थ आले, तसा हा रोग विरळ झाला.

येथे घाई करून चालणार नाही. पेलाग्रा हा मुख्यतः प्रौढांचा रोग होता, आणि त्यातील अस्वस्थता म्हणजे मुलांची अवधान-न्यूनता नव्हे. तथापि निकोटिनिक आम्लाची ती कडी आठवावी. ते कमी पडले की ग्लुटाथायोन पुन्हा कामास लागत नाही. ताटातील उणेपणा आणि पेशीतील गंज यांना जोडणारी निदान एक वाट तरी स्पष्ट दिसते. दोष ज्वारीचाही नव्हे. कलबुर्गी जिल्हा तुरीचे कोठार म्हणून प्रसिद्ध आहे, तेथील तुरीच्या डाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले, आणि भाकरीबरोबर घट्ट वरण, पालेभाजी व मूठभर शेंगदाणे असतील तर त्या जेवणाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तूर पिकविणाऱ्याच्या घरी घट्ट वरण रोज शिजतेच असे नाही.

या सीमेवरच्या शाळेत आणखी एक घोटाळा संभवतो आणि त्याचा रक्ताशी काहीच संबंध नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्ह्याचे उदगीर, अहमदपूर, निलंगा हे भाग मुंबई राज्याकडे आले आणि औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद हे म्हैसूर राज्यात गेले. औराद-भालकीकडे किंवा कलबुर्गी जिल्ह्यातील आळंदकडे घरात मराठी, बाजारात दख्खनी उर्दू आणि शाळेत कन्नड अशा तीन भाषांतून वाट काढणारी मुले पुष्कळ आहेत. अशा मुलाला पहिल्या-दुसऱ्या इयत्तेत शिक्षकाचे बोलणे पुरते उमगत नसेल तर त्याची नजर खिडकीबाहेर जाणारच. त्याला अवधान-न्यूनतेचा रोगी ठरविणे हा अन्याय होईल. म्हणूनच वैद्यकशास्त्राने अट घातली आहे की, लक्षणे सहा महिने तरी टिकलेली असावीत, बारा वर्षे वयापूर्वी दिसलेली असावीत, आणि ती शाळेत व घरी अशा दोन्ही ठिकाणी दिसावीत. जे मूल वर्गात हरवलेले असते पण अंगणात तासभर एकाग्रतेने भोवरा फिरविते किंवा आजीची गोष्ट शेवटपर्यंत ऐकते, त्याच्या बाबतीत आधी भाषेचा, मग कान-डोळ्यांचा आणि मग पोटाचा विचार करावा. रक्त तपासण्याची पाळी फार नंतरची. आणि ऑक्सिडीकारक ताणाच्या कोणत्याही रक्ततपासणीवरून हा विकार आहे की नाही हे आजही ठरविता येत नाही.

पोटाचा विचार मात्र या जिल्ह्यांत सरकारी पातळीवर झाला आहे. शाळेतील दुपारच्या जेवणाची कर्नाटकाची योजना २००२ साली सुरू झाली ती प्रथम बीदर-गुलबर्ग्यासारख्या ईशान्येकडील मागासलेल्या जिल्ह्यांतच. १ डिसेंबर २०२१ पासून बीदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ, बल्लारी आणि विजयपुरा या सात जिल्ह्यांत पहिली ते आठवीच्या मुलांना उकडलेले अंडे देणे सुरू झाले. काही मठाधिपतींनी त्यास विरोध केला. कोप्पळ जिल्ह्यातील गंगावतीच्या शाळेत मुलींनी, आम्हाला अंडी हवीत, असे निर्भयपणे सांगितले. गदग येथील ग्रामविकास विद्यापीठाने अंडी मिळणाऱ्या यादगीरच्या मुलांची गदगच्या मुलांशी तुलना केली, तेव्हा यादगीरच्या मुलांची वजने अधिक वाढलेली दिसली. त्या मुलांचे वर्गातील अवधान वाढले काय, हे तराजू सांगू शकत नाही. पण अंड्यात जस्त आहे, सेलेनियम आहे, आणि ज्यापासून शरीर निकोटिनिक आम्ल बनविते ते ट्रिप्टोफॅनही आहे. २०२२-२३ मध्ये ही योजना राज्यभर लागू झाली. २०२४ साली अझीम प्रेमजी प्रतिष्ठानाशी करार होऊन आठवड्याचे सहाही दिवस अंडे देण्याचे ठरले. जी मुले अंडे खात नाहीत त्यांच्यासाठी केळे ठेवलेले आहे; २०२५ पर्यंत शेंगदाण्याची चिक्कीही असे. आणि भुईमुगाच्या शेंगेत निकोटिनिक आम्ल भरपूर असते.